तणावर मीठ नको, कडबा घाला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मृग लागला, इंदूरला दोन सरी येऊन गेल्या आणि लगेच व्हॉट्सअॅपवर तो मेसेज परत फिरायला लागला. "केमिकलमुक्त घरगुती तणनाशक", एक लिटर व्हिनेगर, वाटीभर मीठ, थोडं भांडी घासायचं लिक्विड, स्प्रे करा आणि दोन तासात तण साफ. मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत बागेच्या टिप्समध्ये पण हीच रेसिपी "नैसर्गिक उपाय" म्हणून आली, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांब होईल, हवं तर मधून कापा, पण मिठाबद्दलचा भाग तेवढा कापू नका.

आमच्या कॉलनीत गेल्या पावसाळ्यात हा प्रयोग झालाय आणि मी तो रोज डोळ्यासमोर पाहिलाय. बागेतल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेनं हरळी आणि लव्हाळा माजला होता, माळी गावी गेलेला, मग समितीतल्या काही मंडळींनी खडेमिठाची पिशवी आणली, बादलीत कालवली, व्हिनेगर ओतलं आणि झारीनं सगळ्या कडेला शिंपडलं. दुसऱ्या दिवशी गवत तपकिरी, सगळे खूश, ग्रुपवर फोटो. तीन आठवड्यांनी हरळी परत हिरवीगार, लव्हाळा तर त्याच्याही आधी वर आला, कारण स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये पाचेक टक्के अॅसिड असतं, ते वरचं पान जाळतं आणि तिथंच संपतं, हरळीच्या जमिनीखालच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी यांना त्याचा पत्ताही लागत नाही. मीठ मात्र संपत नाही ना. ते पावसाच्या पाण्याबरोबर वाफ्यात गेलं, मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, मग कुंदाचं फुलझाड वाळलं, मग शेवटी जास्वंदीची दोन मोठी झुडपं, जी तिथल्या एका आजींनी पंधरा वर्षांपूर्वी लावली होती. त्या आजी रोज पूजेला तिथलीच फुलं न्यायच्या. म्हणजे जे मरायला हवं होतं ते जगलं आणि जे जगायला हवं होतं ते गेलं.

आणि हे नुसतं एका सिझनचं नुकसान नाही. आपली माळव्याची काळी माती आधीच चिकण, तिच्यात सोडियम गेलं की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात, मातीतली बारीक भोकं बुजतात, पाणी खाली मुरतच नाही, वर साचून राहतं आणि वाळली की दगड. नंतर ते दुरुस्त करायचं तर जिप्सम घाला, मग भरपूर पाणी देऊन सोडियम खाली धुवून काढा, आणि ज्या बागेत निचराच नाही तिथे ते धुऊन जाणार कुठे? वाटीभर मिठासाठी हा एवढा उपद्व्याप. मीठ नैसर्गिक असेल, समुद्रातून येतं, पण म्हणून ते मातीत टाकायची वस्तू होत नाही.

मला जास्त वाईट याचं वाटतं की झाडांमधली खरी रसायनं, जी तणाला रोखतात, ती आहेत, झाडं ती स्वतः बनवतात, शास्त्रज्ञांनी त्यांची नावं, त्यांचं काम सगळं शोधून काढलंय, आणि त्यातलं एक फार चांगलं उदाहरण आपल्या घरातल्या पिकात आहे. ज्वारीत. लोक ते सोडून मीठ ओततायत.

आमचं सासरचं शेत इंदूरजवळ सांवेर तहसिलीत. आता शेती दीर बघतात, मी शाळेतून रिटायर झाल्यापासून महिन्यातून दोन-तीनदा जाऊन भाजीपाल्याचा तुकडा बघते. लग्न होऊन आले तेव्हा तिथे ज्वारी असायची, तुरीबरोबर, आणि सासऱ्यांचा एक नियम होता की ज्वारी काढल्यावर त्याच जमिनीत लगेच गहू टाकायचा नाही. आमचे हाली, म्हणजे सालगडी, म्हणायचे, "ज्वार खेत को थका देती है." मला तेव्हा वाटायचं की ज्वारी सगळं खत खाऊन टाकते म्हणून असेल, आणि ते काही अंशी खरंच आहे, पण तेवढंच नाहीये हे मला खूप उशिरा कळलं.

ज्वारीच्या मुळांना जे बारीक केस असतात त्यांच्या टोकाला पिवळसर तेलकट थेंब येतात. 1986 मध्ये अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातल्या लोकांनी त्या थेंबातलं मुख्य द्रव्य ओळखलं आणि ज्वारीच्या सॉर्घम या नावावरून त्याला सॉर्गोलिओन म्हटलं. ते करतं काय, तर पान उन्हापासून अन्न तयार करतं त्या यंत्रणेतली एक जागा अडवून बसतं, शेजारी उगवलेलं कोवळं रोप उन्हात असूनही उपाशी राहतं. आणि मक्यात मारतात ते अॅट्राझिन हे तणनाशक, दुकानात मिळणारं, ते नेमकं त्याच जागेवर जाऊन बसतं! म्हणजे कारखान्यात जे औषध बनतं त्याचं काम ज्वारी शेतात उभी राहून कधीपासून करतेय. शिवाय धाटात आणि पानात फिनॉलिक अॅसिडं असतात, कडबा मातीवर पडून भिजला की ती हळूहळू पाझरतात आणि बारीक बियांचं उगवणं रोखतात. एका झाडानं असं दुसऱ्या झाडाला रसायनांनी दाबायचं याला अॅलेलोपॅथी म्हणतात, हा शब्द 1937 मध्ये मोलिश नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं आणला, पण निरीक्षण जुनं आहे, आक्रोडाच्या सावलीत दुसरी झाडं टिकत नाहीत हे रोमन लोकांनीही लिहून ठेवलंय.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर एकांगी होईल. ज्वारीची मुळं सगळ्यांनाच हाकलत नाहीत. टारफुला नावाचं तण, ज्याला इकडे अगिया म्हणतात, त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं झोपून असतं आणि ज्वारीच्या मुळातून निघणाऱ्या दुसऱ्या काही द्रव्यांचा संकेत मिळाला की जागं होतं, मग ते त्याच मुळाला चिकटून ज्वारीचंच रक्त पितं. तेव्हा ज्या शेतात टारफुला आहे तिथे ज्वारी तण मारेल म्हणून पेरू नका, उलट होईल.

आता माझ्या वाफ्यांचं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वांगी, टोमॅटो आणि मिरचीची रोपं लावली, दोन सारखेच लांब वाफे, मधे फक्त पाण्याची दांडी. एका वाफ्यावर ज्वारीचा कडबा वीतभर तुकडे करून चार बोटं जाड पसरला, दुसऱ्यावर तेवढ्याच जाडीचं सोयाबीनचं भूस. मला बघायचं होतं की तण दबतं ते नुसतं ऊन अडल्यामुळे का आणखी कशामुळे, कारण ऊन तर भुसानंही अडतं. फेब्रुवारीपर्यंत भुसाच्या वाफ्यात चार वेळा निंदणी करायला लागली, कडब्याच्या वाफ्यात एकदाच, तीही अर्धवट. चाकवत, जो आमच्याकडे गव्हात आणि भाजीत थर लावून उगवतो (आणि ज्याची ताकातली भाजी मला अतिशय आवडते, म्हणून तो मी कधी पूर्ण उपटत नाही), तो कडब्याखालून जवळजवळ आलाच नाही. दुधी नावाचं तण आणि गाजर घास (काँग्रेस गवत) पण अगदी तुरळक. लव्हाळा मात्र दोन्हीकडे सारखाच, त्याला कडब्यानं काही फरक पडला नाही, त्याची गाठ म्हणजे जमिनीतलं कोठारच असतं, बारीक बियासारखं ते उपाशी पडत नाही. दोन वाफ्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहितेय, पण पुढच्या दोन वर्षांत वाफे अदलाबदल करून केलं तरी फार वेगळं आलं नाही.

चूक काय झाली तेही लिहिते, म्हणजे दुसऱ्यांची होणार नाही. पहिल्या वर्षी यश आलं म्हणून मी कडब्याच्याच वाफ्याच्या टोकाला मेथी आणि गाजर थेट बी टाकून पेरलं. मेथी विरळ आली, गाजर तर नावालाच. माझ्या लक्षात आलं नाही की जे चाकवताच्या बारीक बियाला होतं ते गाजराच्या बियालाही होणार, कडब्याला कुठे कळतं तण कोणतं आणि आपलं कोणतं. म्हणून नियम असा ठेवा, रोप लावून मोठं करायची पिकं, म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, किंवा झुडपं आणि फळझाडं, यांच्याभोवती कडबा घाला. बारीक बी थेट पेरायचं असेल तिथे घालू नका, किंवा कडबा बाजूला करून काही आठवडे जाऊ द्या, ही रसायनं मातीतले जिवाणू हळूहळू खाऊन टाकतात, कायमची राहत नाहीत. मला तर हाच त्यांचा मोठा गुण वाटतो. पिकाला सुरुवातीचा महिना-दीड महिना तणापासून सुटका हवी असते, पुढे ते स्वतःच सावली धरतं.

आणखी एक, कडबा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो त्यामुळे रोपं पिवळी दिसायला लागतात, तेव्हा खाली चांगलं कुजलेलं शेणखत आधी घालून ठेवायचं आणि कडबा वर ठेवायचा, मातीत मिसळायचा नाही. मी पहिल्या वर्षी शेणखत कमी घातलं होतं आणि टोमॅटोवर ते लगेच दिसलं.

काही वाचक विचारतील की कडबा कशाला, अर्क काढून फवारता येत नाही का. येतो. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात यावर बरीच वर्षं काम झालं, ते ज्वारीच्या वाळलेल्या धाटांचे तुकडे दहापट पाण्यात एक दिवस भिजवतात, गाळून ते पाणी उकळून आटवतात आणि गव्हावर फवारतात, त्याला त्यांनी सॉर्गाब नाव दिलंय. त्यांच्या प्रयोगांत गव्हातलं तण साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी झालं. निम्मं म्हणजे पूर्ण नव्हे, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्याकडे कुणी "हर्बल" म्हणून बाटली विकायला आला की तो शंभर टक्के सांगतो. झाडांची रसायनं शंभर टक्के साफ करत नाहीत, दाबतात. उरलेलं खुरप्यानं आणि डोऱ्यानं (महाराष्ट्रात ज्याला डवरा किंवा कोळपं म्हणतात) काढायला लागतं. फैसलाबादवाल्यांनी तेच पाणी तणनाशकाच्या कमी डोसबरोबर देऊन पण पाहिलंय, म्हणजे औषध पूर्ण बंद नाही तर कमी करायचा मार्ग म्हणून. मला हे प्रामाणिक वाटतं.

ज्यांच्याकडे ज्वारी नाही पण मोहरी आहे त्यांच्यासाठी. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा काय होतं आठवा, अख्खी मोहरी तोंडात टाकली तर काही विशेष वास नाही, पण पाणी घालून फेसली की नाकात जाते, डोळ्यातून पाणी. दाण्यात एक द्रव्य आणि एक एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं असतं, दाणा फुटून पाणी लागलं की दोन्ही एकत्र येतात आणि तो झणका तयार होतो, त्याला आयसोथायोसायनेट म्हणतात. मोहरीच्या हिरव्या झाडातही हेच आहे. फुलावर आलेली मोहरी बारीक चिरडून, लगेच ओल्या मातीत गाडून वरून पाणी देऊन दाबून टाकली तर हा झणका मातीत भरतो आणि तणाच्या बियांना, काही बुरशींना त्रास देतो. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण तो उडून जातो, सकाळी कापून संध्याकाळी गाडली तर अर्धं काम वाया. आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे तिथे काही पेरायचं नाही. गाजराच्या बियाचं मी वर सांगितलंच, तेच इथेही.

बॉटलब्रशचं झाड इंदूरच्या कितीतरी कॉलन्यांत आहे, लाल ब्रशसारखी फुलं येतात ते. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात एका केमिकल कंपनीतल्या माणसाच्या लक्षात आलं की त्याच्या अंगणातल्या या झाडाखाली तण फारसं उगवत नाही, त्यानं माती तपासली, त्यात लेप्टोस्पर्मोन नावाचं द्रव्य सापडलं. ते फार सौम्य होतं, शेतात वापरायचं तर डोस भयंकर मोठा, म्हणून त्याच्या धर्तीवर लॅबमध्ये पुष्कळ द्रव्यं बनवली गेली आणि त्यातून मेसोट्रायोन हे मक्याचं तणनाशक आलं, 2001 मध्ये बाजारात. म्हणजे झाडापासून सुरू होऊन कारखान्यात पोचलेली गोष्ट. मका ते औषध पचवतो पण सोयाबीनला लागलं तर पानं पांढरी पडतात, तेव्हा आपल्या भागातल्या लोकांनी मक्याच्या पंपानं न धुता सोयाबीनवर फवारू नये, हे जाता जाता सांगितलं.

"झाडातलं आहे म्हणजे निर्धोक" हा समज पण काढून टाकायला हवा. ज्या ज्वारीचं मी इतकं कौतुक करतेय तीच कोवळी असताना, विशेषतः पावसाचा ताण पडला असेल तेव्हा, गुरांनी खाल्ली तर त्यांना विष चढतं, त्यातल्या धुरिन नावाच्या द्रव्यातून सायनाइड सुटतं, आमच्याकडे एक गाय अशीच गेलीय. म्हणून कोवळी ज्वारी गुरांना घालत नाहीत हे लहान पोरांनाही ठाऊक असायचं. आणि गाजर घास, काँग्रेस गवत म्हणा, तिच्याखाली दुसरं काही का उगवत नाही? तिच्यातलं पार्थेनिन. तेच माणसाच्या कातडीला लागलं की खाज, पुरळ, कुणाकुणाला आयुष्यभराची अॅलर्जी. ही घास भारतात पहिल्यांदा 1955 च्या सुमारास पुण्यात लक्षात आली आणि आता इंदूरचा एकही रिकामा प्लॉट तिच्याशिवाय नाही. म्हणजे झाडाची रसायनं आपल्या बाजूनंही लढतात आणि आपल्या विरुद्धही, कोण कुठे उभं आहे ते बघूनच वापरायची.

गाजर घाशीला रोखायला सुद्धा मीठ नको. जबलपूरचं खरपतवार अनुसंधान निदेशालय (म्हणजे तण संशोधन संस्था) दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट गाजर घास जागरूकता सप्ताह करतं आणि त्यांच्या सांगण्यात एक उपाय टाकळ्याचा आहे, इकडचे लोक चकौडा म्हणतात. रिकाम्या जागेत पावसाआधी टाकळ्याचं बी फेकून ठेवायचं, तो दाट येतो आणि गाजर घाशीला जागाच देत नाही. टाकळ्याची कोवळी भाजी आपल्याकडे पावसाळ्यात खातातच. शहरातल्या रिकाम्या प्लॉटांवर हे करायला काय हरकत आहे, खर्च जवळजवळ नाहीच.

आणि उपटलेली घास जाळू नका. फुलावर यायच्या आधी हातमोजे घालून उपटा आणि खड्ड्यात कंपोस्ट करा. हे इंदूरला कुणी शिकवायची गरज नाही, जगाला कंपोस्ट इंदूरनं शिकवलंय! इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथे होते, होळकर दरबारनं दिलेल्या जमिनीवर त्यांनी संस्था उभी केली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे यशवंत वाड, आपलेच, त्या दोघांनी मिळून 1931 मध्ये ही पद्धत लिहून काढली, तीच जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. त्यात तण, पालापाचोळा, धाटं, गोठ्यातली मूत्र भिजलेली माती, शेण, राख असे थर लावायचे आणि वेळोवेळी पलटायचे, तीनेक महिन्यांत खत. ढीग आतून इतका तापतो की तणाचं बी मरतं आणि ही असली रसायनं पण मोडतात. शाळेत आम्ही मुलांना सहलीला नेहरू पार्क, लालबाग दाखवायचो, पण जगाला माहीत असलेली ही गोष्ट आपल्याच शहरात घडली हे मात्र कधी दाखवलं नाही, याची मला आता खंत वाटते.

आता ज्वारीबद्दल मनातलं शेवटचं. सोयाबीन 1970 नंतर आलं आणि माळव्यानं ज्वारी जवळजवळ सोडली, त्याची कारणं मला कळतात, पूर्वी खरिपात पुष्कळ काळी जमीन पडीक राहायची ती सोयाबीननं उभी केली, हातात रोख पैसा आला, आमच्या घराचा वरचा मजला सोयाबीनच्याच पैशानं बांधला. मी सोयाबीनच्या विरुद्ध नाही. पण पंचवीस-तीस वर्षं त्याच जमिनीत तेच पीक आणि त्याच्यावर दरवर्षी तीच दवाई, पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पंप खांद्यावर, असं चाललं की त्या दवाईला न जुमानणारं तेवढंच तण मागे उरतं आणि ते वाढत जातं. हरियाणा-पंजाबात गव्हात असंच झालं होतं, गुल्ली डंडा नावाचं तण, ज्याला तिकडे गव्हाचा मामा म्हणतात, ते 1990 च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासं झालं आणि शेतकऱ्यांनी उभा गहू चाऱ्याला कापला. आपल्याकडे तशी वेळ यायची वाट कशाला बघायची? दहा बिघ्यांपैकी एक बिघा ज्वारी, दरवर्षी जागा बदलत, एवढं जरी केलं तरी तणाचं चक्र मोडतं, घरात भाकरीला ज्वारी येते, गुरांना कडबा होतो, आणि उरलेला कडबा भाजीच्या वाफ्यात. दिरांना हे पटवायला मला दोन वर्षं लागली. ते म्हणायचे, "वहिनी, ज्वारीला भाव कोण देतो आणि पाखरं राखायला माणूस कुठून आणू?" पाखरांचा मुद्दा खराच आहे, एका बिघ्यावर सगळ्या गावची पाखरं उतरतात, म्हणून शेजारच्या दोघांशी बोलून तिघांनी लागून लागून पेरायचं ठरलं. यंदा तिघांची मिळून चार बिघे ज्वारी आहे, बी तयार आहे, वाफसा आला की पेरणी.

शहरातल्या लोकांनी कडबा कुठून आणायचा हा प्रश्न येईलच. गुरांचा चारा विकणाऱ्यांकडे पेंढ्या मिळतात, कुंड्या आणि छोट्या वाफ्यांना एक-दोन पेंढ्या पुरतात. फक्त बुरशी लागलेला, काळा पडलेला घेऊ नका, आणि झुडपाच्या बुंध्याला अगदी चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा नाहीतर वाळवी आणि कूज दोन्ही येतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीतल्या गवताला कडबा उपयोगाचा नाही, तिथे उकळतं पाणी ओता, जरा सांभाळून, दर पंधरा दिवसांनी, हरळी दोन-तीन वेळा भाजली की कमजोर पडते. किंवा जुनी खुरपी घ्या आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्यात मुळासकट काढा, अर्ध्या तासाचं काम आहे. बाटलीतलं औषध मागवायचं असेल तर तेही ज्याला त्याचं ज्ञान आहे त्याच्याकडूनच. ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांनीच वापरावं असा आदेश केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये काढला होता, आणि तरी मी ते बागेत उघड्या हातानं शिंपडताना पाहिलंय, शेजारी घसरगुंडीवर मुलं.

माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीत ती मिठाची रेसिपी मागे घेतल्याचं दोन ओळींत छापा, रेसिपी छापली होती तिथेच आणि तेवढ्याच मोठ्या टाइपात. येत्या रविवारी आमच्या कॉलनीच्या समितीची मीटिंग आहे आणि विषयपत्रिकेवर "पावसाळी तण" परत आहे, मिठाची गोणी आणायचं बोलणं सुरू झालंय. त्याआधी आलं तर कात्रण घेऊन जाईन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर